आधी चहा, मग सुगंध

पहाटे साडेपाच

उठल्यावर मी कोमट पाणी पिते. चहा चाखणं हेच ज्यांचं काम, त्यांची जीभ कामावर पोचेपर्यंत कोरी राहावी लागते. तिची तयारी आदल्या रात्रीच्या ताटापासून सुरू होते. रात्री कच्चा कांदा, लसणाची चटणी, ठेचा वर्ज्य. पेपरमिंटच्या पेस्टचा गारवा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो, म्हणून दात घासायचं काम उठल्याउठल्या उरकायचं. साबण बिनवासाचा. नाश्त्याला मऊ भात, वर साजूक तूप आणि मीठ. फोडणीचे पोहे मला फार आवडतात, ते सुट्टीच्या दिवशी.

पुण्यात मार्केट यार्डाजवळ आमचं छोटं ब्लेंडिंगचं युनिट आहे. आसाम, डुआर्स, निलगिरीचा चहा घ्यायचा, त्यांचे मेळ बसवायचे आणि त्यातल्या काही मालाला सुगंध द्यायचा: वेलची, आलं, गवती चहा, बर्गमॉट, मोगरा. चाखणं आणि मात्रा ठरवणं माझ्याकडे. या धंद्यात एक समज खोल रुजलेला आहे की सुगंधी चहाला हलका माल चालतो, वासाखाली काही कळत नाही. माझा दिवसच्या दिवस या समजाशी भांडण्यात जातो. हलक्या चहाला सुगंध लावला की पहिला घोट वासाचा लागतो आणि दुसरा पेंढ्याचा. गिऱ्हाईक पहिल्या घोटाला पाकीट विकत घेतं, पण दुसरं पाकीट घ्यायचं की नाही ते दुसऱ्या घोटाला ठरवतं.

सकाळी पावणेआठ

सगळ्यात आधी पाणी चाखायचं. कपातला जवळजवळ सगळा ऐवज पाणीच असतो, आणि चहाची परीक्षा घेताना पाण्याकडे दुर्लक्ष करणारे लोक मी खूप पाहिले. खडकवासल्याचं नळाचं पाणी तसं मऊ. पण जूनच्या मध्यावर पाऊस लांबला की टँकर येतात, आणि टँकरमध्ये बहुतेक बोअरचं पाणी असतं. जड पाण्यातला चुना चहातल्या तुरट घटकांशी जुळतो आणि कपावर पातळ तवंग धरतो. रंग काळपट होतो, चव मंद पडते. लोकांना वाटतं, रंग आला म्हणजे चहा कडक झाला. तो कडकपणा नुसता डोळ्यांपुरता असतो.

म्हणून माझ्या ओट्यावर दोन किटल्या असतात. एकीत नळाचं पाणी, दुसरीत मुद्दाम भरून ठेवलेलं बोअरचं. आमचा माल सोलापूर, लातूर, बीडकडे जातो, तिथल्या कितीतरी घरांत हंड्यात बोअरचंच पाणी असतं. पुण्याच्या पाण्यात छान लागलेला मेळ तिकडच्या पाण्यात कसा लागेल, हे इथेच बघून घेतलेलं बरं. एकदा उकळून गार झालेलं पाणी मात्र पुन्हा तापवायचं नाही. दर खेपेला ताजं.

साडेआठ

चाखायच्या ओट्यासमोर उत्तरेची मोठी खिडकी आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, त्यात ऊन सहसा थेट पडत नाही, म्हणून चहाच्या रंगाचा निवाडा त्यातच करायची जुनी रीत आहे. ओट्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या वाट्या एका ओळीत. प्रत्येक वाटीमागे झाकणाचं छोटं भांडं, त्याच्या काठाला दातरे. प्रत्येक भांड्यापुढे कोऱ्या पत्तीचा नमुना.

सध्या आसामच्या सेकंड फ्लशचे नमुने यायला लागले आहेत. मे अखेरीपासून जूनपर्यंतची ही खुडणी. वर्षातला सगळ्यात भरदार आसाम चहा याच दिवसांतला. कोलकात्यात चहाचा पहिला लिलाव १८६१ साली झाला. आता बोली संगणकावर लागते, तरी नमुने अजून पुड्यांतूनच येतात, कारण संगणकाला भुरका मारता येत नाही.

चाखण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेलं आहे, आयएसओ ३१०३. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं. घरी असा चहा कुणी पिऊ नये, फार तुरट होतो. या प्रमाणाचा हेतू चहा चांगला करण्याचा नसून सगळ्या नमुन्यांना एकसारखं वागवण्याचा आहे. सहा मिनिटांनी भांडं झाकणासकट वाटीवर आडवं करायचं, दातऱ्यांतून अर्क वाटीत निथळतो आणि पाला आत राहतो. मग तो पाला झाकणावर उलटा करायचा.

आधी कोरी पत्ती बघायची, मग भिजलेल्या पाल्याचा वास घ्यायचा आणि शेवटी चमचाभर अर्क तोंडात. तो जोरात ओढायचा, आवाज करून. घरी ज्यासाठी आई रागवायची तो भुरका इथे कामाचा भाग आहे. अर्क हवेबरोबर तोंडभर उडतो, त्यातला वास घशामागच्या वाटेने नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा या वाटेने येतो. सर्दी झाली की जेवण बेचव होतं ते यामुळेच. चव घेतली की अर्क चाकाच्या पिकदाणीत टाकायचा. गिळत बसलं तर दहा वाजेपर्यंत छातीत धडधड सुरू होईल.

शिकाऊ मुलगा शेजारी उभा राहून माझ्यामागोमाग चाखतो. दोन वाट्यांवर तो अडला.

"ताई, ह्या दोनात मला काही फरक कळत नाही."

"दूध घालून बघ."

दोन्हीत सारखं दूध घातलं. एकीचा रंग उजळ, तांबूस-केशरी झाला. दुसरी राखाडी पडली. सीटीसीच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. पाला चिरडून, फाडून, वळून त्याचे दाणे करायचं ते यंत्र १९३० साली आसामातल्या अमगुरीच्या मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी आणलं. त्या दाण्यांतून रंग झटपट सुटतो, म्हणून दूध घालून उकळणाऱ्या आपल्या देशाने तो चहा डोक्यावर घेतला. पण रंग सुटणं आणि रंग दुधाला पुरून उरणं यात अंतर आहे. पाला आंबताना तयार होणारी थिआफ्लेविन नावाची द्रव्यं चहाला चकाकी आणि जिभेवरची तरतरी देतात. ती कमी असली की दुधाखाली चहा दबतो. अशा चहाला वेलचीचा वास लावला तर वेलचीचं दूध प्यायल्यासारखं होतं, चहा कुठे गेला ते शोधावं लागतं.

राखाडी वाटीचा नमुना बाजूला काढला. स्वस्त होता. सुगंधी मालासाठी तोच घ्या, अशी चिठ्ठी हिशेबाच्या टेबलावरून आली होती. मी तिच्यावर "नको" लिहून परत पाठवली.

वाट्या तशाच ठेवून दिल्या. चहा गार झाल्यावर फार खरं बोलतो. चांगल्या कडक आसामचा अर्क गार होता होता दुधाळ गढूळ होतो, थिआफ्लेविन आणि कॅफीन एकमेकांना धरतात म्हणून. नवखी माणसं त्याला खराब समजून ओतून देतात. मी तो गढूळपणा बघून लॉटवर खूण करते.

दहा

आता सुगंधी नमुने. इथे क्रम मोडायचा नाही. आधी सुगंध न दिलेला मूळ चहा, मग फुलांचे, मग लिंबूवर्गाचे, मग वेलची, मग मसाला, आणि सगळ्यांत शेवटी लवंग नि पुदिना. लवंगेतलं युजेनॉल जीभ बधिर करतं. दातांचे डॉक्टर ते त्याच गुणासाठी वापरतात. पुदिन्यातलं मेन्थॉल तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतं, त्यानंतर अर्धा तास सगळंच गार लागतं. या दोघांनंतर मोगऱ्याचा चहा चाखायला घेणं म्हणजे मोगऱ्यावर अन्याय.

मधे मधे कोमट पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे. नाक थकलं की मी स्वतःच्या मनगटाचा वास घेते. नाक ज्या वासात राहतं तो त्याला जाणवेनासा होतो, आणि आपल्या अंगाचा वास नाकाच्या कायमच्या ओळखीचा असल्यामुळे तिथे त्याला विसावा मिळतो. अत्तरवाले हेच करतात.

प्रत्येक सुगंधाच्या तीन मात्रा करून ठेवलेल्या असतात: कमी, मधली, जास्त. त्या कुठल्या वाटीत आहेत ते शिकाऊ मुलाला ठाऊक, मला नाही. मी चाखून सांगायचं. माझा कल जवळजवळ नेहमी कमीकडे किंवा मधलीच्या खाली पडतो, आणि विक्रीवाल्यांचा जास्तीकडे. त्यांचंही बरोबर आहे. दुकानात पाकीट उघडून नाकाशी नेलं की जास्तीची मात्राच जिंकते. पण चहा नाकाशी धरून कुणी बसत नाही, तो संपेपर्यंत प्यायचा असतो. म्हणून मी वाद घालत नाही, दोन्ही वाट्या वीस मिनिटं ठेवून गार झाल्यावर त्यांच्या हातात देते. जास्त मात्रेची वाटी गार झाली की साबणासारखी लागते. मग मात्रा आपोआप खाली येते.

साडेअकरा

बर्गमॉट. हे इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात पिकणारं लिंबूवर्गातलं फळ. त्याच्या सालीचं तेल काढतात, आणि अर्ल ग्रे नावाच्या चहाला तोच वास असतो. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते दुसरे अर्ल ग्रे १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते.

अर्ल ग्रेसाठी आम्ही निलगिरीची ऑर्थोडॉक्स, म्हणजे न चिरडता वळलेली, पत्ती घेतो. आसामचा माल्ट असलेला भरदारपणा बर्गमॉटशी भांडतो. निलगिरीचा चहा स्वच्छ, हलका, स्वतःच थोडा फुलांच्या अंगाने जाणारा. तो तेलाला जागा देतो आणि तरीही तळाशी आपली तुरट रेघ ठेवतो. पिंपात पत्ती फिरत असते, वरून तेलाचा बारीक फवारा. मग बंद डब्यात दोन दिवस मुरवत ठेवायचं. फवारल्याच्या दिवशी चाखून काही ठरवायचं नाही, तेल तोवर नुसतं पत्तीच्या अंगावर बसलेलं असतं.

या चहाबद्दल आम्हाला सारखा एक प्रश्न येतो: लिंबाचा वास आहे, दूध फाटेल का? फाटणार नाही. दूध लिंबाच्या आंबटपणाने फाटतं, आणि हे सालीचं तेल आहे, त्यात आंबट रस नाही. पण दूध घालून उकळलंत तर दुसरा तोटा आहे. हे तेल फार हलकं, पहिल्या वाफेबरोबर ते स्वयंपाकघरभर पसरतं आणि कपात काहीच उरत नाही. घर सुगंधी होतं आणि चहा साधा राहतो. अर्ल ग्रे गाळणीत घ्या, वरून उकळतं पाणी ओता, झाकून चार मिनिटं ठेवा, एवढंच मी सांगते. आपल्याकडे झाकून ठेवायचा कंटाळा करतात. झाकण ही सुगंधी चहातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची वस्तू आहे.

दुपारी एक

ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, काकडी. लोणचं नाही. शिकाऊ मुलगा समोर बसून मिरचीचं भरीत खातो, तेव्हा दुपारी त्याचं चाखणं धरायचं नाही हे मी मनाशी ठरवून टाकते.

दोन

दुपार मसाल्याची. महाराष्ट्रात सुगंधी चहाचं खरं घर इथे आहे. बर्गमॉट आणि जास्मिन हौसेचे, पण सुंठ, वेलची, गवती चहा हे रोजचे. आणि रोजच्या गोष्टीत माणसं जास्त चोखंदळ असतात.

गोदामातले मामा सकाळपासून सुंठ निवडत बसलेले असतात. ते इथे माझ्या आधीपासून आहेत आणि नुसत्या मोडण्याच्या आवाजावरून सुंठ किती वाळली ते सांगतात. आलं वाळताना त्यातलं जिंजेरॉल बदलून शोगाओल होतं, आणि ते जास्त झणझणीत असतं. म्हणून सुंठेचा चहा घशात उतरून पेटतो आणि ताज्या आल्याचा जिभेवर खेळतो. दोघांची जागा वेगळी आहे. पावसाळ्यात लोक आलं मागतात, थंडीत सुंठ.

मसाल्यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा की उकळीत काय टिकतं आणि काय उडतं. आल्या-सुंठेचा तिखटपणा आणि मिऱ्यातलं पायपरिन वाफेबरोबर जात नाहीत, ते कपात राहतात. वेलचीचा वास मात्र उडून जाणारा. म्हणून पाण्यात आधी आलं, साखर, मग चहा, मग दूध, आणि वेलची गॅस बंद करण्याच्या क्षणी. सगळा मसाला एकदम टाकून पाच मिनिटं उकळणाऱ्या घरात वेलचीचे पैसे हवेत जातात. आमच्या मसाल्याच्या डबीवर "चहा उतरवताना घाला" असं मी हट्टाने छापून घेतलं. विक्रीवाल्यांना डबीवर ती जागा चित्रासाठी हवी होती.

आलं आधी उकळायचं याला आणखी एक कारण आहे. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारा एक घटक असतो. कच्चं आलं थेट दुधात किसलं तर दूध नासतं. पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळ उकळलं की तो घटक निकामी होतो. आपल्या आज्या आलं आधी पाण्यातच टाकत आल्या आहेत, आणि त्यांचा चहा कधी फाटला नाही.

वेलचीचं तेल दाण्यांत असतं, सालीत अगदी थोडं. म्हणून आम्ही दाणे सोलून घेतो आणि साली वेगळ्या ठेवतो. दळलेल्या वेलचीचा वास झपाट्याने उतरतो, तेव्हा आठवड्याला लागेल तेवढीच दळायची, तीही थांबत थांबत, चक्की तापू न देता. दालचिनीत आम्ही श्रीलंकेची पातळ पापुद्र्यांची वापरतो. बाजारातली जाड साल बहुतेक कॅशिया असते, तिचा जोर मोठा आणि ती उकळून चिकट होते. लवंग नावाला. जायफळ त्याहून कमी. बडीशेप कुणी मागितली तर, कारण तिचा गोडवा साखरेवर साखर होतो. हा माझा कल आहे. गुजरातकडच्या आमच्या गिऱ्हाइकांना मिरी आणि सुंठ चढी लागते, त्यांच्यासाठी वेगळा मेळ.

आणि दूध. मसाल्याच्या वासाची द्रव्यं तेलकट असतात, ती दुधातल्या स्निग्धांशाला धरून बसतात. म्हशीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश जास्त, त्यामुळे तोच मसाला म्हशीच्या दुधात मवाळ लागतो. म्हणून प्रत्येक मेळ दोन्ही दुधांत उकळून चाखायचा. आजचा मेळ गाईच्या दुधात नेटका होता आणि म्हशीच्या दुधात सुंठ हरवली. सुंठ वाढवली, तर गाईच्या दुधात ती घशाला टोचायला लागली. चार वेळा पातेली चढली, उतरली. शेवटी सुंठ होती तेवढीच ठेवली आणि मिरं किंचित वाढवलं. मिऱ्याचा तिखटपणा उशिरा येतो, त्यामुळे दोन्ही दुधांत सुंठेला मागून आधार मिळाला. मामांना कप दिला. ते चहा पिताना बोलत नाहीत. पिऊन झाल्यावर कप उपडा ठेवला म्हणजे चांगला. उपडा ठेवला.

गवती चहाची गोष्ट वेगळी. त्याचा लिंबासारखा वास सिट्रालमुळे येतो. ओल्या पातीत तो भरभरून असतो, आणि उन्हात वाळवली की पात गवत होऊन जाते. सावलीत, वाऱ्यावर, बारीक कापून वाळवली तर बराच वास टिकतो. तरीही मी लोकांना मनापासून सांगते, गवती चहा आमच्याकडून घेऊ नका. एक जुडगा आणून कुंडीत लावा. पुण्या-मुंबईच्या गॅलरीतसुद्धा तो बिनतक्रार वाढतो. दोन पाती कात्रीने कापून पाण्यात टाकल्या की जगातला कुठलाही कारखाना त्याची बरोबरी करू शकणार नाही. सुगंधी चहाच्या धंद्यात असूनही मला हे सांगताना काही वाटत नाही.

चार

एका अमृततुल्यचे मालक आले. पुण्यात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी ही दुकानं रुजवली. पितळी पातेलं, आलं, वेलची आणि दिवसभर धगधगणारी शेगडी. हे काका वडिलांच्या गादीवर बसलेले.

"ताई, वेलचीचा भाव बघताय ना? ते वेलचीच्या वासाचं डस्ट मिळतं म्हणे. तेच द्या. खलबत्त्याची भानगडच नको."

"मिळेल काका. पण आधी उकळून बघू."

त्यांच्या पद्धतीने दोन पातेली चढवली. एकात वासाचं डस्ट, म्हणजे सुगंध लावलेली चहाची बारीक भुकटी, दुसऱ्यात आमचा नेहमीचा हॉटेल मेळ, आणि उतरताना कुटलेली वेलची. पहिल्या पातेल्याला उकळी आली तशी खोली घमघमली. काका खूष झाले. मग कप भरले. पहिल्या कपात वेलची नव्हती, ती खोलीत होती. दुसऱ्या कपात ती गळ्यापर्यंत साथ देत होती.

काकांनी दोन्ही कप पुन्हा पुन्हा प्यायले. "माझ्याकडे दिवसाला किती पातेली चढतात, माहीत आहे ना तुम्हाला?" ते म्हणाले. "प्रत्येकात वेलची परवडत नाही हो."

ही खरी अडचण होती आणि तिला चहाचंच उत्तर हवं होतं. त्यांच्या सध्याच्या मेळात डस्ट फार होतं, तुरटपणा झाकायला त्यांना वेलची जास्त घालावी लागत होती. डस्ट कमी केलं, रंगासाठी दाणेदार आसाम वाढवला, थोडा डुआर्स घातला. तुरटपणा उतरला. मग वेलची निम्मी करून उकळली. ती पुरली. मेळ किलोमागे महाग पडणार होता, पण वेलचीत वाचणार होतं. काकांनी कागद काढून हिशेब केला आणि पाच किलो करून बघतो म्हणाले. मला विक्रीपेक्षा त्या निम्म्या वेलचीचा आनंद झाला. चहा नीट असला की सुगंध कमी लागतो, हे मी किती लोकांना सांगते, आणि किती थोड्यांना दाखवता येतं.

ते बसलेले असतानाच पुरंदरकडून मोगऱ्याच्या कळ्या आल्या.

संध्याकाळी सात

कळ्या दुपारी खुडलेल्या, घट्ट मिटलेल्या, पांढऱ्या. फवारणी न करणाऱ्या एका शेतकऱ्याकडूनच आम्ही त्या घेतो. हाराची फुलं चहाला चालत नाहीत. हा यंदाचा शेवटचा बहर, पाऊस धरला की कळ्यांत पाणी भरतं आणि वास पातळ होतो.

चीनच्या फुजियान प्रांतात फुझौ शहराभोवती जास्मिन चहाची जुनी परंपरा आहे. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिथल्या जास्मिन आणि चहाच्या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा मान दिला. ज्या फुलाने तो चहा सुगंधी होतो ते वनस्पतिशास्त्रात जास्मिनम साम्बॅक, म्हणजे आपला मोगरा. आपण तो केसांत माळला, देवाला वाहिला, माठात टाकून पाणी प्यायलो. त्यांनी तो चहात मुरवला. माठातल्या मोगऱ्याचं पाणी ज्याने उन्हाळ्यात प्यायलंय त्याला जास्मिन चहा परका वाटूच शकत नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मोगऱ्याची कळी संध्याकाळनंतर उमलते आणि उमलतानाच तिचा वास सुटतो. सगळं कौशल्य त्या काही तासांचं. पसरलेल्या कळ्या उमलायला लागल्या की निलगिरीच्या हिरव्या चहाचा थर, त्यावर कळ्यांचा थर, पुन्हा चहा, पुन्हा कळ्या. किलोभर चहाला आम्ही अर्धा किलो कळ्या घेतो. चहा आधी चांगला सुकवून घ्यावा लागतो. कोरडा चहा आजूबाजूचा वास नि ओलावा ओढून घेतो, आणि त्याची हीच खोड एरवी आम्हाला नडते. मसाल्याच्या खोलीशेजारी उघडं राहिलेलं पोतं दुसऱ्या दिवशी लवंगी झालेलं असतं. इथे तीच खोड कामाला लावायची.

शिकाऊ मुलाने थर लावले. त्याचा हात हलका आहे. या कामात मला त्याचा विश्वास वाटतो, मिरचीच्या भरितासकट.

साडेनऊ

ढीग आतून तापतो. फुलं जिवंत असतात, श्वास घेतात, त्याची ऊब चहात कोंडते. हात घालून बघायचं. जास्त तापलं तर फुलं शिजल्यासारखी होतात आणि चहाला कुजका वास येतो. म्हणून ढीग मोडून पसरायचा, निववायचा, पुन्हा लावायचा. आम्ही तिघांनी तो मोडला. मामांना मोगऱ्याचा चहा आवडत नाही, पण निववायला ते थांबतातच.

उद्या पहाटे फुलं चाळून काढायची, चहा पुन्हा सुकवायचा, आणि पुढच्या कळ्या आल्या की हाच खेळ परत. हा दुसरा थर होता, म्हणजे कळ्यांची दुसरी खेप. पहिल्या थरानंतरचा चहा आज सकाळी मी फुलांच्या नमुन्यांत चाखला होता. पहिल्या घोटाला हिरवा चहा, मोगरा मागून, अगदी हलका. पाणी ८० अंशांच्या आसपास ठेवलं तर गोड, उकळतं घातलं तर कडू. दुसऱ्या थराने मोगरा पुढे येईल. तिसरा थर लावायचा की नाही ते गार चाखून ठरवू. निलगिरीचा हिरवा चहा झाकला जातोय असं वाटलं तर लावायचा नाही.

निघताना विक्री सांभाळणाऱ्या मुलीचा फोन आला. पाकिटाचा नमुना उद्या छापायला जायचा होता.

"ताई, चाळून काढलेली फुलं वाळवून थोडी पाकिटात टाकूया का? दिसायला छान दिसतं. लोक विचारतात, फुलं कुठे आहेत."

"त्यांचा वास चहात गेलाय. उरलेली पाकळी उकळत्या पाण्यात कडवट लागते."

"मग लोकांना कळणार कसं, की खरी फुलं आहेत?"

मी तिला पाकिटाच्या मागच्या बाजूला काय छापायचं ते सांगितलं. "मोगऱ्याच्या ताज्या कळ्यांत रात्रभर मुरवलेला निलगिरीचा हिरवा चहा. फुलं काढून घेतली आहेत. पाणी उकळून दोन-तीन मिनिटं थांबा, मग ओता. झाकून तीन मिनिटं." आणि समोर, नियमाप्रमाणे, ठळक अक्षरांत "फ्लेवर्ड टी". टी बोर्डाकडच्या नोंदणीचा क्रमांक खाली.

"झाकून" हा शब्द जाड टाइपात घे, एवढं मी पुन्हा एकदा सांगितलं. तिने लिहून घेतलं.